खोल समुद्रातील खडकांवरच्या जीवखुणा कशा वाचाव्यात

खोल समुद्रात तयार झालेले गाळाचे खडक पाहताना नजर आपोआप थराच्या वरच्या पृष्ठभागावर जाते. ट्रेस फॉसिल, म्हणजे प्राण्यांनी सरपटताना, चरताना किंवा बिळे करताना गाळात सोडलेल्या खुणांचे जीवाश्म, शोधायचे असतील तर मात्र सुरुवात वालुकाश्माच्या थराच्या तळापासून करावी. याचे कारण त्या थराच्या घडणीतच आहे. शांत काळात समुद्रतळावर चिखल अतिशय सावकाश साचतो आणि प्राणी त्यात उथळ बोगदे पोखरतात. मग उतारावरून वाळू घेऊन गढूळ प्रवाह येतो, चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडून नेतो आणि उघडे पडलेले बोगदे वाळूने भरून टाकतो. पुढे मऊ पंकाश्म, म्हणजे चिखलाचा झालेला खडक, झिजून जातो आणि मूळचा पोकळ बोगदा वालुकाश्माच्या तळावर उंचवटा होऊन उरतो. स्पेनमधील सुमाया परिसराच्या इओसीन काळातील (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांत असे तळ उत्तम पाहायला मिळतात.

घड्या पडलेल्या पर्वतांत थर उलटेही झालेले असतात, म्हणून तळ कोणता हे आधी ठरवावे. गढूळ प्रवाहाने साचवलेल्या थरात जाड वाळू बहुधा मूळ तळाशी असते आणि वर जाताना कण बारीक होत जातात, हे भिंगाने तपासता येते.

उंचवटे कोरड्या पृष्ठभागावर आणि तिरप्या उजेडात पाहावेत. सकाळचे किंवा संध्याकाळचे ऊन नसेल तर विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. सपाट वाटणाऱ्या दगडावर सावल्यांमुळे अचानक नक्षी उमटते, आणि तो क्षण कितीही वेळा अनुभवला तरी शिळा होत नाही. याउलट ‘कॉन्ड्राइटिस’सारख्या, मुळांप्रमाणे फांद्या फुटलेल्या खुणा आकारापेक्षा रंगाने वेगळ्या दिसतात, त्यांच्यासाठी दगड ओला करावा.

‘पॅलिओडिक्टिऑन’ सापडले तर थांबून नीट पाहावे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांची ही जाळी असते. एका घराची कमाल रुंदी आणि जाळीच्या दोरीची जाडी, ही दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये नोंदवावीत, कारण प्रकार ओळखताना त्यांचाच आधार घेतला जातो. प्रवाहाने चिखल कमी खरवडला असेल तर जाळी उमटत नाही आणि जास्त खरवडला असेल तर ती नाहीशी होते, त्यामुळे अखंड नमुना दुर्मिळ असतो. १९७६ मध्ये सागरी भूवैज्ञानिक पीटर रोना यांना अटलांटिकच्या तळावर, सुमारे ३,५०० मीटर खोलीवर, याच घडणीच्या ताज्या खुणा आढळल्या. त्या करणारा प्राणी मात्र अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. खुणेचे नाव प्राण्यावरून नव्हे, तर आकारावरून का ठेवतात, हे यावरून लक्षात येते.

एवढ्यावर खोलीचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. जीवाश्मतज्ज्ञ आडोल्फ झायलाखर यांनी १९६७ मध्ये खुणांच्या समूहांचा समुद्राच्या खोलीशी संबंध मांडला. त्यातला भर समूहावर आहे, एकट्यादुकट्या खुणेवर नाही. ‘ऑफिओमॉर्फा’ ही किनाऱ्याजवळच्या वाळूत नेहमी दिसणारी बिळे खोल समुद्रातील वालुकाश्मातही सापडतात. म्हणून प्रत्येक खूण वाळू येण्याआधीची की नंतरची, हे वेगळे लिहावे: वाळूचा थर वरून खाली छेदत गेलेले बीळ उघडच नंतरचे असते.

हातोडा शक्यतो पिशवीतच ठेवावा. मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, पारदर्शक प्लॅस्टिकवर नक्षी गिरवून घ्यावी आणि त्याच प्लॅस्टिकवर उत्तर दिशा व ‘थराचा तळ’ हे शब्द जागेवरच लिहावेत.