पोत्यात खरं झिंक किती? वस्तुमानाच्या प्रमाणावरून असं काढा

तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाला झिंक सल्फेट सगळेच टाकतात, पण त्यात नुसतं झिंक किती असं विचारलं की "माल चांगलाय, टाका बिनधास्त" एवढंच उत्तर मिळतं. असल्या सल्ल्यावर पैसे घालू नका. दहावीच्या पोराला जमेल असा हिशोब आहे.

फॉर्म्युला लिहा, अणुवस्तुमानं मांडून बेरीज करा, हव्या त्या मूलद्रव्याच्या वस्तुमानाला त्या बेरजेनं भागा आणि टक्क्यांसाठी 100 नं गुणा. युरियात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे 28, अख्खा रेणू 60, म्हणजे 46.7 टक्के. पोत्यावर 46 असतं, त्यामुळं 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो नायट्रोजन.

गाडी अडते ती झिंक सल्फेटला. एक झिंक 65.4, एक सल्फर 32, चार ऑक्सिजन 64, बेरीज 161.4 आणि झिंक निघतं 40.5 टक्के, मग पोत्यावर 21 कसं काय? तर फॉर्म्युल्यात (ZnSO₄·7H₂O) टिंबापुढं पाणी लिहिलेलं असतं ते तुम्ही सोडलं. खडे हाताला कोरडे लागतात म्हणून पाणी नाही असं अजिबात धरू नका, ते स्फटिकातच बांधलेलं असतं आणि वजनकाट्यावर पूर्ण भरतं. ते टिंब म्हणजे गुणाकार नाही, तिथं बेरीजच करायची. आणि टिंबापुढचा 7 हा अख्ख्या पाण्याच्या रेणूला लागतो, नुसत्या हायड्रोजनला नाही, इथं भलेभले चुकतात. म्हणजे 7 गुणिले 18, 126. आता एकूण 287.4 आणि झिंक 22.8 टक्के. पोत्यावर 21 असतं कारण बाजारातला माल शंभर टक्के शुद्ध नसतो आणि तिथं किमान हमीचा आकडा छापतात.

दुसरा प्रकार मोनोहायड्रेट, त्यात पाण्याचा एकच रेणू, म्हणून हिशोबानं 36.5 आणि पोत्यावर 33. तेव्हा "शेजाऱ्यानं जेवढं टाकलं तेवढंच टाक" हा सल्ला आधी पोतं वाचल्याशिवाय ऐकूच नका. 5 किलो झिंक द्यायचं असेल तर 21 टक्केवालं 23.8 किलो लागतं आणि 33 वालं 15.2 किलो.

मॅग्नेशियम सल्फेटलाही सात पाणी, 24 भागिले 246, साधारण 9.8 टक्के.

खरेदी करताना पोत्याची किंमत आतल्या झिंकच्या किलोंनी भागा, म्हणजे 21 टक्क्याचं 10 किलोचं पोतं असेल तर 2.1 नं आणि 33 चं असेल तर 3.3 नं, मग दोन्ही भाव शेजारी शेजारी ठेवून बघा आणि जे स्वस्त पडेल ते घ्या.