लक्झरी गाडी घ्यायची ठरवलीत? मग ही तयारी आधी

सगळ्यात आधी एक आकडा कागदावर लिहा: गाडी किती वर्षं ठेवणार? वॉरंटीच्या आत विकणार असाल तर तुमचा मोठा खर्च दुरुस्तीचा नाही, घसाऱ्याचा. लक्झरी गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच जोरात उतरते आणि हौसेने टाकलेल्या महागड्या ऑप्शनचे पैसे विकताना क्वचितच परत मिळतात. वॉरंटी संपल्यावरही ठेवणार असाल, तर प्रत्येक फीचरसमोर उभं राहून एकच प्रश्न विचारा: हे बिघडलं तर काय बदलावं लागेल?

एअर सस्पेन्शनपासून, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेपासून, सुरुवात करा, कारण या गाड्यांचं खरं सुख तिथेच आहे आणि मोठं बिलही बहुधा तिथूनच येतं. हवा धरणाऱ्या रबरी पिशव्या वयानुसार चिरतात. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर गळतीची शंका घ्यायलाच हवी. तशीच चालवत राहिलं की हवा भरून भरून कॉम्प्रेसरही जातो. म्हणून वापरलेली गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला सांगून ठेवा, रात्रभर गाडी सुरू करू नका. सोबत टेप न्या. इंजिन सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्या बाजूत डोळ्यांत भरणारा फरक असेल तर भाव करत बसू नका, आधी तपासणी मागा. मग गाडी वर-खाली करून बघा आणि कॉम्प्रेसर किती वेळ घरघरतो तेही ऐका.

पॅनोरमिक सनरूफ, म्हणजे छताचा मोठा भाग काचेचा, असेल तर पुढच्या सीटखालचा गालिचा हाताने दाबा. छताच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि बऱ्याच गाड्यांत तिथेच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेली असतात. ओल किंवा कुबट वास आला तर ती गाडी सोडून द्या.

पुढच्या काचेची चौकशी विमा घेतानाच करा. हेड-अप डिस्प्ले, म्हणजे वेग वगैरे समोरच्या काचेवर दाखवणारी सोय, असेल तर काच वेगळ्या बनावटीची असते. या काचेच्या आतल्या बाजूला कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशनही (नेमकी जुळणी) करावं लागतं. पॉलिसीत दोन्ही बसतं का, हे लेखी घ्या.

टायरसाठी डिकी उघडा. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर, असतील तर बहुतेक वेळा स्टेपनी नसते, आणि पंक्चरनंतर साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० च्या आत, एवढीच मुभा असते. टायरच्या कडेवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चाकाचा आकार निवडायची संधी असेल तर लहान घ्या. मोठी चाकं फोटोत देखणी दिसतात, पण टायरची कड बारीक होते, खड्डा थेट पाठीला कळतो आणि रिमही लवकर वाकते.

गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर चालतं' असं कोणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. अनेक लक्झरी गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते.

कोणत्या सोयी गाडीसोबत मिळतात आणि कोणत्यांसाठी पुढे फी भरावी लागेल, हेही आधीच विचारून घ्या. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायची सोय महिन्याच्या भाड्याने देऊ केली. ग्राहक भडकले आणि २०२३ मध्ये कंपनीने माघार घेतली, ते फार बरं झालं. गाडीत बसवलेल्या वस्तूचं भाडं मागणं मला अजिबात पटत नाही.

माझं मत विचाराल तर पैसे सीट, आवाजबंदी आणि हेडलाइट यांवर घाला. रंगीत दिवे आणि हातवाऱ्यांनी चालणारे कंट्रोल महिन्याभरात विसरले जातात. सीटची परीक्षा पाच मिनिटांत होत नाही, म्हणून टेस्ट ड्राइव्ह तासाभराची मागा, खराब रस्त्यावर घ्या, आणि जमलं तर अंधार पडल्यावर.

डीलर पारखायचा तर शोरूमच्या कॉफीवर जाऊ नका. सकाळी गाड्या जमा होतात तेव्हा सर्व्हिस काउंटरपाशी उभं राहा. सल्लागार ग्राहकाला जुने पार्ट दाखवतो का, अंदाजपत्रक देतो का, हे दिसेल. तिथेच चार किमती लेखी मागा: पुढच्या दोन सर्व्हिस, चारही चाकांचे ब्रेक डिस्क-पॅड, एक एअर स्ट्रट (एअर सस्पेन्शनचा एका चाकाचा भाग) आणि एक हेडलाइट. टाळाटाळ झाली तर दुसरा डीलर बघा. विक्रेता हप्त्यावर बोलायला लागला की त्याला एकूण रकमेवर आणा, आणि प्रत्येक जादा आकार वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. सतरा अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) कागदांशी ताडून बघा, रंग तिरक्या नजरेने तपासा, दोन्ही चाव्या चालवून बघा. चाकांना लॉकिंग नट असतील तर त्यांची खास चावी डिकीत आहे ना, हे सही करण्याआधी स्वतः बघा. ती नसेल तर पंक्चरच्या वेळी चाक निघणार नाही.