तपकिरी थर डायनोचा की डायटमचा?
रीफ टँकच्या (प्रवाळं ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, शेंबडासारखा थर दिसला की डायटम (एक सूक्ष्म शैवाल) समजून लगेच पाणी बदलू नका. तो डायनोचा, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या वेगळ्या सूक्ष्मजीवांचाही असू शकतो. आधी हे करा:

१. थर टँकच्याच पाण्यासकट पिपेटने ओढून बाटलीत घ्या, मिनिटभर जोरात हलवा.
२. कॉफी फिल्टरमधून गाळा. टिश्यू पेपरही चालतो.
३. गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात तासभर दिव्याखाली ठेवा.

पाण्यात पुन्हा तंतू जमले तर डायनोफ्लॅजेलेट. पाणी नितळच राहिलं तर बहुधा डायटम किंवा सायनो (सायनोबॅक्टेरिया).

डायनो निघाले तर पाणी बदलणं थांबवा आणि फॉस्फेट शोषणारं जीएफओ (लोह ऑक्साइडचे दाणे) काढून टाका. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेले की डायनोंचंच फावतं. नायट्रेट ५ पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम ठेवा. काही डायनो विषारी असतात, त्यामुळे हातमोजे घालूनच थर काढा.