चाउशेस्कू पळाला त्या रात्रीचा सिनेमा फिल्म सोसायटीत कसा दाखवावा

रादू मुंतेआनचा 'द पेपर विल बी ब्लू' हा २००६ सालचा रोमानियन चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे. २२ डिसेंबर १९८९ची रात्र, बुखारेस्टचे अंधारे रस्ते, मिलिशियाची म्हणजे तिथल्या पोलिसांची एक चिलखती गाडी आणि टीव्ही केंद्र वाचवायला म्हणून तुकडी सोडून निघालेला कोस्ती नावाचा पोरसवदा शिपाई. त्याचा लेफ्टनंट उरलेल्या माणसांना घेऊन त्याला शोधत फिरतो. गोष्ट एवढीच. तिकडे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूची अख्खी राजवट कोसळते आहे, आणि पडद्यावर दिसतात ती गाडीत दाटीवाटीने बसून सिगारेटी ओढणारी, वायरलेसकडे कान लावलेली माणसं.

असा चित्रपट लावला की "काही घडतच नाही" ही तक्रार ठरलेली असते. पण बहुतेक वेळा खोट तयारीत असते. किती वाजलेत, कुठल्या गणवेशातला माणूस कुणाचा, टीव्ही केंद्राकडे सगळे का धावतायत, हे रोमानियन प्रेक्षकाला पाठ आहे. पुण्या-कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ते आधी हातात द्यावं लागतं. अर्थ समजावून सांगायची गरज नाही. घड्याळ आणि गणवेश तेवढे द्या, मग तोच संथपणा अंगावर यायला लागतो.

म्हणून सर्वांत जास्त मेहनत एका कागदावर घ्या. ए-४ अर्ध्यात कापून त्याची एकच बाजू छापा, अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नको. दारात देऊन उपयोग नाही, कारण अंधारात कुणी वाचत नाही. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि खेळाच्या दिवशी चहाच्या टेबलावर ठेवा. मजकूर असा:

१६-१७ डिसेंबर: तिमिशोआरा शहरात लास्लो त्योकेश या धर्मोपदेशकाला घरातून काढू नये म्हणून लोक जमतात. १७ तारखेला गोळीबार.
२० डिसेंबर: तिमिशोआरा निदर्शकांच्या हाती.
२१ डिसेंबर, दुपार: बुखारेस्टमध्ये चाउशेस्कूची सभा टीव्हीवर थेट. गर्दीतून आरडाओरडा होतो, प्रक्षेपण मध्येच तुटतं.
२२ डिसेंबर, सकाळ: संरक्षणमंत्री वासिले मिल्या यांच्या मृत्यूची बातमी येते. सैन्य लोकांच्या बाजूला वळतं.
२२ डिसेंबर, १२:०८: चाउशेस्कू पक्ष मुख्यालयाच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळतो.
२२ डिसेंबर, दुपार: टीव्ही केंद्र क्रांतिकारकांच्या ताब्यात.
२२ डिसेंबर, अंधार पडल्यावर: शहरभर गोळीबार. 'दहशतवादी' हल्ला करतायत अशा अफवा.

इथेच थांबा. २५ डिसेंबरला तर्गोविश्तेमध्ये चाउशेस्कू नवरा-बायकोवर घाईघाईने खटला चालवून त्यांना गोळ्या घातल्या, हे या कागदावर नको. चित्रपटातल्या माणसांना ते ठाऊक नाही आणि प्रेक्षकानेही त्या रात्री त्यांच्याइतकंच आंधळं असावं.

घड्याळाखाली चार ओळी गणवेशांच्या. मिलिशिया म्हणजे तिथले नेहमीचे पोलीस, गृहखात्याखालचे. सैन्य संरक्षणखात्याचं. सेकुरिताते ही गुप्त पोलीस यंत्रणा, तीही गृहखात्याचीच. चौथे साधे नागरिक, ज्यांच्या हातात त्या दिवशी बंदुका आल्या. दुपारपर्यंत राजवटीचे असलेले मिलिशियावाले संध्याकाळी "आम्ही लोकांबरोबर आहोत" म्हणतात, पण समोरच्याने त्यावर विश्वास का ठेवावा? चित्रपटातला प्रत्येक नाका याच प्रश्नावर अडतो. हे खातं कुणाचं ते माहीत नसेल, तर प्रेक्षकाला नुसती एकसारखी हिवाळी कोटातली माणसं एकमेकांवर ओरडताना दिसतात.

आणखी दोन गोष्टी छापा. एक, निळा-पिवळा-लाल झेंडा, मधलं समाजवादी बोधचिन्ह कापून काढल्यामुळे गोल भोक पडलेला. त्या दिवसांत क्रांतीची खूण तीच होती. दोन, १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तिथला टीव्ही आठवड्याच्या दिवसांत जेमतेम दोन तास चालायचा, तोही बहुतांशी साहेबांच्या कौतुकाचा. तो टीव्ही त्या दुपारी अचानक अखंड बोलू लागला आणि "आम्हाला वाचवायला या" म्हणाला. कोस्ती गाडीतून उतरून का जातो, हे त्याशिवाय कळत नाही.

प्रास्ताविक चार मिनिटांच्या वर नको. प्रमुख पाहुण्यांना बोलवायचंच असेल, तर त्यांचं भाषण चित्रपटानंतर ठेवा. आधी पंचवीस मिनिटं इटालियन नववास्तववादापासून सुरुवात झाली, की पहिल्या दृश्यालाच लोक थकलेले असतात. सांगायचं ते इतकंच पुरतं:

"दुपारी बारा वाजून आठ मिनिटांनी अध्यक्ष गच्चीवरून उडून गेलाय. आता रात्र आहे. टीव्ही सांगतोय, आपण जिंकलो, पण आमच्यावर हल्ला होतोय. हल्ला कोण करतंय हे कुणालाच माहीत नाही. पहिलं दृश्य नीट बघा. नंतर जे दिसेल ते सगळं त्याच्या आधी घडलेलं आहे."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. पहिल्याच दृश्यात नाक्यावर गाडीतली माणसं आपल्याच बाजूच्या गोळ्यांना बळी पडतात आणि मग चित्रपट मागे जातो. त्यामुळे पुढच्या प्रत्येक फालतू वाटणाऱ्या संभाषणाखाली तो शेवट वाहत असतो. ज्याचं हे दृश्य चुकलं, त्याच्यासाठी चित्रपट खरोखरच संथ आणि निरर्थक होतो. म्हणून दाराची शिस्त कडक हवी. वेळ साडेसहाची सांगा, प्रास्ताविक ६:४० ला, चित्रपट ६:४५ ला आणि त्यानंतर दार बंद. पत्रिकेवर हे ठळक छापा, नाहीतर दारात वाद होतात आणि त्या वादाचा आवाज आत येतो.

मध्यंतर नाही. आपल्याकडे सवयीने प्रोजेक्शनवाला बरोबर मध्यावर दिवे लावतो, तेव्हा त्याला तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्या. चहा-बिस्किटं सुरुवातीलाच उरकून घ्या.

आता चित्र. जवळपास सगळा चित्रपट रात्रीचा आहे, बराचसा गाडीच्या आत. थिएटरमध्ये डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, असेल तर फारशी काळजी नाही. सोसायट्यांचे बहुतेक खेळ शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात प्रोजेक्टरवर होतात, घोळ तिथे होतो. काळोखातले चेहरे दिसत नाहीत म्हणून कुणीतरी ब्राइटनेस वाढवतं. मग काळं राखाडी होतं आणि चेहरे आणखी पुसले जातात. ब्राइटनेसला हात लावू नका, खोलीतला उजेड मारा. खिडक्यांना काळं कापड लावा, पडद्याच्या बाजूच्या भिंतीवरची ट्यूब बंद करा, पडद्याकडे तोंड करून ठेवलेला लॅपटॉप झाका. बाहेर जाण्याच्या दारावरचा दिवा मात्र चालूच राहायला हवा. प्रोजेक्टर 'डायनॅमिक'वर असेल तर 'सिनेमा'वर आणा. इको मोड बंद करा. चित्र गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद, कारण तिने चित्रपट मालिकेसारखा दिसतो. आपल्या लॅपटॉपचं आउटपुट साधारणपणे ६० हर्ट्झवर असतं आणि त्यावर २४ किंवा २५ फ्रेमची फाइल चालवली की कॅमेरा हळू वळताना चित्र अडखळतं. धावपळीच्या चित्रपटात ते खपून जातं, इथे डोळ्यांत खुपतं. २४ फ्रेमच्या फाइलला २४ हर्ट्झ, २५ला ५० हर्ट्झ ठेवा.

सबटायटल म्हणजे इथे अर्धा चित्रपट, कारण माणसं सतत बोलतात, तुटक बोलतात, एकमेकांवर बोलतात. सपाट जमिनीच्या सभागृहात पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान सव्वा ते दीड मीटर उंच हवी. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण सव्वा मीटरवर येतं, आणि सबटायटल नेमकं तळाशी असतं. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावा, म्हणजे दोन डोक्यांमधून दिसेल. चित्र दोन मीटर उंच असेल तर शेवटची रांग बारा मीटरच्या पलीकडे नको. सबटायटलची फाइल वेगळी असेल तर ती तीन ठिकाणी तपासा: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या दहा मिनिटांत. सुरुवातीला जुळलेली फाइल शेवटी चार सेकंद मागे पडलेली असू शकते. कारण बहुधा फ्रेमच्या वेगातला फरक, आणि तो नुसतं पुढे-मागे सरकवून जात नाही. फाइलच बदलावी लागते.

आवाज हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि या चित्रपटात सगळ्यात मोलाचा. गोळीबार बहुतेक दुरून ऐकू येतो. कुठून, किती जवळ, हे गाडीतल्या माणसांनाही कळत नाही. वायरलेसवर खरखरत येणारे परवलीचे शब्द कुणी नीट ऐकले, कुणी नाही, यावर जीव जातात. आपल्या सभागृहातले छताचे पंखे, कुरकुरणारा एसी, मागचा जनरेटर यात पहिल्यांदा हेच बुडतं. आवाजाची चाचणी रिकाम्या, शांत हॉलमध्ये करून फसगत होते. सगळे पंखे चालू करा, दार लावा, मागच्या रांगेत बसा आणि वायरलेसची खरखर स्पष्ट येईपर्यंत आवाज चढवा. मग सर्वांत मोठ्या गोळीबाराचा प्रसंग लावून बघा, स्पीकर फाटत असेल तर थोडा खाली. माणसं भरली की आवाज शोषला जातो, तेव्हा खेळ सुरू झाल्यावर एकजण मागे उभा राहून अंदाज घेऊ दे. खरं तर हा चित्रपट डिसेंबर-जानेवारीत लावावा, पंख्यांचा प्रश्नच मिटतो. लॅपटॉपवरची सूचनांची टिंगटिंग आणि स्लीप मोड बंद करायला विसरू नका.

परवानगीचं थोडक्यात. घरच्या ओटीटी खात्यावरून किंवा डीव्हीडीवरून सार्वजनिक खेळ करायचा हक्क मिळत नाही. वितरकाला किंवा विक्री एजंटला ईमेल करताना तारीख, सभागृह, खुर्च्या किती, तिकीट आहे की सभासदांपुरतं, फाइल कुठल्या स्वरूपात हवी, सबटायटल कुठल्या भाषेत, हे सगळं पहिल्याच पत्रात लिहा. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी चित्रपटाला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनशी संलग्न सोसायटी असाल तर आधी तिथे विचारा. डीसीपी कुलूपबंद येत असेल, तर तिची किल्ली एका ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. किल्ली आदल्या दिवशीपासून सुरू होणारी मागा, नाहीतर चाचणीच करता येत नाही.

चित्रपट संपला की दिवे हळूहळू, नामावली पूर्ण झाल्यावर लावा. मग दुसरा कागद काढा, जो मुद्दाम मागे ठेवला होता. त्यावर आकडे: क्रांतीत १,१०४ माणसं गेली. त्यांतली १६२ चाउशेस्कू पळायच्या आधी आणि ९४२ नंतर. म्हणजे बहुतेक मृत्यू राजवट पडल्यानंतरचे. २३ डिसेंबरच्या सकाळी ओतोपेनी विमानतळाच्या रक्षणासाठी बोलावलेल्या जवानांवर, तिथे आधीपासून असलेल्या सैनिकांनीच दहशतवादी समजून गोळ्या झाडल्या आणि चाळीसएक जण मेले. मुंतेआनच्या चित्रपटातला नाका अपवादात्मक नव्हता, हे यातून कळतं. हे आकडे आधी सांगितले तर ती नुसती माहिती राहते.

चर्चेची सुरुवात "कसा वाटला?"ने करू नका, कारण दोन मोठ्या आवाजाची माणसं वेळ खाऊन टाकतात. फळ्यावर तीन उभ्या रकान्यांची जागा करा: कोस्ती, लेफ्टनंट, नाक्यावरचे सैनिक. विचारा, कुणाला काय माहीत होतं आणि कुठून? टीव्हीवरून, वायरलेसवरून की शेजाऱ्याकडून? पंधरा मिनिटांत फळा भरतो, आणि जे "काहीच घडलं नाही" म्हणत होते तेच प्रसंग आठवून सांगायला लागतात. कोस्तीला पकडून दहशतवादी म्हणून झडती घेतात तो प्रसंग स्वतंत्रपणे घ्या. तिथे पकडणारे दुष्ट नाहीत, घाबरलेले आहेत.

कुणीतरी १९७५ काढणार, काढू द्या. पण तुलना जिथे तुटते ते दाखवा. आपल्याकडे आणीबाणीत सत्ता आवळली गेली होती, आदेश वरून खाली नीट पोचत होते. बुखारेस्टमध्ये त्या रात्री आदेश द्यायलाच कुणी उरलं नव्हतं. गणवेश तेवढे शिल्लक होते.

दोन चित्रपटांचा दिवस करायचा असेल, तर जोडीला कोर्नेलियू पोरुंबोयूचा '१२:०८ ईस्ट ऑफ बुखारेस्ट' घ्या. तोही २००६चाच, दीड तासाच्या आतला, आणि त्याला कानमध्ये पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द'ऑर मिळाला होता. एका छोट्या गावात सोळा वर्षांनी स्थानिक टीव्हीवर तीन माणसं वाद घालतात: बारा वाजून आठ मिनिटांच्या आधी आपल्या चौकात कुणी आलं होतं का? उत्तरार्ध जवळपास सगळा त्या एका कार्यक्रमाचा, टेबलामागे बसलेल्या तिघांचा. तो नेहमी दुसरा ठेवा. लोक हसतात, आणि मुंतेआनचा चित्रपट पाहून आलेले जास्त हसतात, कारण त्या मिनिटाची किंमत त्यांना आता ठाऊक असते. उलट क्रम लावला तर पहिल्याच्या हशाने दुसऱ्याची रात्र हलकी होते. दोन्हींमध्ये चाळीस मिनिटं ठेवा, त्यांतली वीस जेवणाला आणि वीस फळ्याला. त्या दिवशी मोठी चर्चा नको, ती पोरुंबोयूचे तिघे पडद्यावर करतातच.