ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय ब्रेकवर पडायचा, तो असा थांबला
१२ वर्षं क्लच दाबलेला माझा डावा पाय ऑटोमॅटिकमध्ये सिग्नल आला की क्लच समजून ब्रेकवर आदळायचा आणि गाडी जागीच थबकायची. मागचा दुचाकीवाला एकदा थोडक्यात वाचला. त्या रात्री झोप लागली नाही.

मुद्दाम डाव्या पायानेच ब्रेक लावून पाहिला. झटके तसेच, शिवाय पाय टेकलेला राहून मागचे दिवे पेटलेले. बूट बदलूनही फरक नाही.

लागू पडलं ते हे: आधी डावी टाच डेड पेडलवर (अगदी डावीकडची, पाय टेकायची न हलणारी पट्टी) पूर्ण टेकेल इतकी सीट पुढे घेतली. मग उजवी टाच ब्रेकसमोर रोवली. ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा वळवायचा. थांबताना डावा पाय डेड पेडलवर जोरात रेटायचा, कारण त्याला दाबायला काहीतरी लागतंच! मोकळ्या मैदानात २० च्या वेगाने रोज अर्धा तास हेच केलं. नवव्या दिवसापासून एकही झटका नाही.