जुनी गाडी बघायला जाताय? आधीच सांगा, स्टार्ट करू नका

सेकंडहँड गाडी ट्रायलला मस्त पळते आणि नंतर मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवावं लागेल, कारण बरेच विकणारे आपण पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवतात आणि गरम इंजिनात खोट सहज कळत नाही. म्हणून फोनवरच सांगायचं, सकाळी येतो, तोवर चावी लावू नका.

१. गेल्यागेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ मागा, समोरचा कुरकुरला तर काय ते समजा.

२. ऑइलचं झाकण काढून आतून बघा. दुधाळ चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जात असेल, म्हणजे हेड गॅस्केटचा (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा) खर्च. पावसाळ्यात नुसत्या ओलाव्यानेही थोडा थर धरतो, म्हणून कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग आहे का तेपण बघून घ्या.

३. आता त्यांना स्टार्ट करायला लावा, तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत पांढरी वाफ येतेच, पण थोड्या वेळात थांबली पाहिजे.

आणि सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीला सीट कव्हर नवी टाकतात, बेल्ट सहसा कोणी बदलत नाही, आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. मुंबई, कोल्हापूर, सांगलीकडची गाडी असेल तर हे बघाच.

फक्त एक, राइड मारून आल्यावर कूलंटचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.