चंबळच्या घळींचा नकाशा करताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

मुरैना, भिंड, धौलपूर पट्ट्यात चंबळ आणि तिच्या उपनद्यांनी गाळाची जमीन कोरून बीहड, म्हणजे घळींचे जाळे, केले आहे. दूरसंवेदनाकडे (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचण्याकडे) वळणाऱ्या भूगोलाच्या, मृदाशास्त्राच्या किंवा कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम विषय आहे. पण बीहड कुठवर पसरले, एवढेच दाखवणारा नकाशा जमीन सुधारायला पुरत नाही. बांध कुठे, सपाटीकरण कुठे आणि नुसती झाडे कुठे, हे घळीच्या खोलीवर, तळाच्या रुंदीवर आणि काठांच्या उतारावर ठरते.

रूढ वर्गीकरणात ३ मीटरपर्यंत खोल घळींचे दोन वर्ग आहेत: तळ १८ मीटरपर्यंत असेल तर जी-१, त्याहून रुंद असेल तर जी-२. रुंद तळाच्या, ३ ते ९ मीटर खोल घळी जी-३. तेवढ्याच खोल पण अरुंद, किंवा ९ मीटरहून खोल घळी जी-४. पहिल्या दोन शेतीखाली आणता येतात, जी-३ मध्ये पायऱ्या पाडून जपून शेती होते, जी-४ मात्र चराईबंदी करून गवताला आणि झाडांनाच द्यावी. आता सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल, म्हणजे सर्वात लहान ठिपका, १० मीटरचा, म्हणजे १८ मीटरच्या तळात धड दोन पिक्सेलही बसत नाहीत. त्यावरून जी-१ आणि जी-२ वेगळे करणे हा अंदाजच. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-४ कॅमेऱ्याचे ५.८ मीटर पिक्सेलचे चित्र मिळवा आणि घळीचा काठ त्यावर हाताने आखा.

चित्रे दोन तारखांची घ्या. जानेवारीत मोहरीची शेते हिरवी असतात आणि बीहड त्यांच्यापासून स्वच्छ वेगळे दिसते. पण सूर्य खाली असल्याने खोल घळीत सावली पडते आणि संगणक तिला पाणी समजतो. मे महिन्यात सावली आखूड होते, शेते मोकळी असतात आणि विलायती बाभूळ तेवढी हिरवी राहते. मात्र मोकळे शेत आणि उघडा उंचवटा मेमध्ये सारखेच चकाकतात, म्हणून एकाच तारखेवर विसंबू नये.

सर्वात जास्त चुका खोलीत होतात. भारताचे कार्टोडेम किंवा युरोपच्या कोपर्निकसचे, दर ३० मीटरला एक उंची देणारे मॉडेल अरुंद घळ भरून टाकते. शिवाय ही मॉडेल पृष्ठभागाची आहेत: तळात दाट बाभूळ असेल तर तिचा शेंडाच जमीन म्हणून मोजला जातो आणि घळ उथळ दिसते. ड्रोनच्या छायाचित्रांतही हा दोष उरतो. म्हणून प्रत्येक वर्गातल्या काही घळींचे आडवे छेद लेव्हल (समपातळी दाखवणारी दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) घेऊन प्रत्यक्ष मोजावेच लागतात. तळात उभे राहिल्यावर भिंती आकाश झाकतात आणि मोबाइलचे जीपीएस भरकटते. बिंदू काठावर नोंदवून तिथून अंतर मोजा.

७८° पूर्व रेखांश या पट्ट्यातूनच जातो. त्यामुळे सेंटिनेलच्या चित्रांचे काही तुकडे यूटीएम या नकाशांच्या जागतिक जाळ्याच्या ४३ व्या, काही ४४ व्या विभागात येतात. काम सुरू करण्याआधी सगळे एकाच विभागात आणा, नाहीतर जोडावर क्षेत्रफळ दोनदा धरले जाते.

ट्रॅक्टरने सपाट केलेली शेते वेगळा वर्ग म्हणून दाखवा, त्यांना लगेच ‘सुधारित’ म्हणू नका. पाणी उतरायला पक्का सांडवा नसेल, तर अशी जमीन जोरदार पावसात पुन्हा कापली जाते. घळीचे प्रत्येक तोंड, म्हणजे ती जिथून वरच्या जमिनीत कापत जाते ते टोक, बिंदू म्हणून नोंदवा. काठावरचा बांध त्यावरूनच आखायचा असतो. १९७९ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय चंबळ अभयारण्याची हद्द नकाशावर आधी चढवा, कारण नदीकाठी घडियाल अंडी घालतात.

पडताळणीला प्रत्येक वर्गाचे ५० तरी बिंदू यादृच्छिक पद्धतीने निवडा. रस्त्यालगतचे सोयीचे बिंदू घेतले तर उथळ घळीच जास्त येतात आणि अचूकता खोटी फुगते.

हीच पद्धत खानदेशात तापी-पूर्णेच्या काठी वापरता येते, पण तारखा बदलाव्या लागतात. जळगावकडे केळी मेमध्येही हिरवी असते. तिथे हिरवे दिसले म्हणून बाभूळ धरू नये.